तीनदा गप्प

श्रीलंकेत, कँडीच्या बाजारात तो नारळवाल्याशी पाली भाषेत घासाघीस करत होता... आणि नारळवाला हात जोडून, डोळे मिटून उभा!

त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? आमच्याकडे पाली कानावर पडते ती भिक्खूंच्या तोंडून, पूजेत. नारळाचा भाव पालीत कोण विचारतो? हसू दाबत मी पुढे झाले.

"त्यांना वाटतंय तुम्ही सूत्र म्हणताय," मी पालीतच सांगितलं.

तो गर्रकन वळला. "तुम्ही... बोलता?"

"भांडण्याइतपत!"

थिहा मंडालेचा. जुन्या ताडपत्रांची डागडुजी शिकायला सहा महिन्यांसाठी आलेला. त्याला सिंहली येईना, मला बर्मी. उरली पाली! दर शनिवारी तळ्याकाठी आमची सातजणांची टोळी जमायची, तिथे मी त्यालाही ओढलं. नियम एकच – पालीशिवाय अवाक्षर काढायचं नाही. बसगाडीला पालीत काय म्हणावं, यावरून तासभर जुंपली.

"महायान," थिहा गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

"माझे वडील पक्के थेरवादी. असं म्हणालास तर ते तुला उंबरा ओलांडू देणार नाहीत!"

एकदा त्याने विचारलं, "चहा घेणार?" मी मुद्दाम गप्प. तर हा दोन कप घेऊन हजर!

"मी कुठे हो म्हटलं?"

"बुद्धांना कुणी जेवायला बोलावलं, की ते गप्प राहूनच हो म्हणत. ग्रंथांतच आहे तसं." आणि हसून असं काही बघितलं माझ्याकडे... चहा हातातच निवला बाई.

थात्ता, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं विहाराच्या शाळेत पाली शिकवत होते. मलाही त्यांनीच शिकवली. पण आमची टोळी त्यांच्या डोळ्यांत खुपायची. "पूजेची भाषा चव्हाट्यावर आणलीत," म्हणायचे. आणि थिहा सोमवारी परत निघणार होता; त्याआधी त्याला थात्तांकडे मला मागणी घालायची होती. थात्ता नाही म्हणाले, तर त्यांचं मन मोडून मी जाणार नव्हते. हे त्यालाही ठाऊक होतं.

रविवारी सकाळी तो आला. आमच्या रीतीप्रमाणे विड्याच्या पानांची जुडी दोन्ही हातांत धरून थात्तांपुढे गुडघे टेकून बसला.

"आचरिय, तुमची मुलगी मला द्याल?" – पालीत.

थात्ता गप्प.

त्याने पुन्हा विचारलं. थात्ता खिडकीबाहेर बघत राहिले.

तिसऱ्यांदा... तरी गप्पच! थिहाने कपाळ जमिनीला टेकवलं, आणि माझं डोकंच फिरलं.

"नाही म्हणायचं तर तोंडाने म्हणा ना, थात्ता! माणूस समोर वाकलाय..." मला रडूच फुटलं.

"अगं वेडे दिल्रुक्षी," थात्तांनी पानं हातात घेतली, "तीनदा विचारलं, तीनदा गप्प राहिलो. आणखी कसा हो म्हणू? त्याला कळलं, आणि माझ्याच मुलीला नाही?"

थिहाने मान वर केली. डोळे ओले, आणि ओठांवर तेच चहाच्या दिवशीचं हसू!

मी थात्तांच्या पायांवर डोकं ठेवलं. "तुम्ही ही भाषा दिलीत म्हणून हा भेटला, थात्ता. नाहीतर त्या नारळांपाशीच..." त्यांचा हात किती तरी वेळ माझ्या केसांवर होता.

मग त्यांनी घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पालीत घरचं, साधंसुधं वाक्य बोलले.

"जावईबापू, चहा घेणार?"

थिहा गप्प बसला. मी आधण ठेवायला पळाले.