ओलोची खुर्ची

अजवांगला त्या संध्याकाळी फक्त एका म्हातारीला चार घास खायला लावून घरी यायचं होतं. अजवांग म्हणजे माझ्या मावसभावाची सून, किसुमू शहरात शिकलेली. कोरोनात माणूस गेलेल्या घरी जाऊन धीर द्यायचं काम करायची. हसू नका रे, ऐका. वीस सालच्या जूनमधला शेवटचा शुक्रवार. अंगात नवाकोरा निळा स्वेटर.

ही म्हातारी म्हणजे पेनिना. तिचा मुलगा ओलो त्या साथीत गेला. सरकारी माणसांनी त्याला पिशवीत घातला, वर ब्लीच फवारलं आणि रातोरात पुरला. आपल्यात मेलेला माणूस एक रात्र तरी आपल्या घरी राहतो, सगळे त्याच्याजवळ जागतात. ओलोला घर दिसलंच नाही. म्हातारीने अन्न सोडलं.

"आलीस? रडायला शिकवायला?" म्हातारी कडाडली. "पोटचा पोर माझा, अन् हात लावू दिला नाहीत मेल्यांनो!"

"आई, मी नव्हते हो त्यात."

"तुम्ही सगळे सारखेच!"

अजवांगला कामावर शिकवलं होतं तेच तिने केलं. ओलोची लाकडी खुर्ची समोर ओढली. "तो इथे बसलाय असं समजा. नाव घेऊन बोलवा. मनात राहिलेलं बोलून टाका."

म्हातारीने खुर्चीकडे पाहिलं. "त्याची रात्र बाकी आहे, अन् तू त्याला आत बोलवतेस? बोलवीन. पण मग उजाडेपर्यंत तुला उठता येणार नाही, बाई."

"नाही उठत."

बोलून गेली बिचारी!

म्हातारीने दाराला कडी घातली. "ओलो... ये, बाळा."

आधी वास आला. ब्लीचचा. मग खुर्ची करकरली.

म्हातारीने ताटात मक्याच्या पिठाची घट्ट उगाली घेतली. मासळी मोडली. आणि जेवायला लागली, अगदी पोटभर.

"फार रागावलाय गं," घास गिळत ती म्हणाली. "कुणी जवळ आलं नाही म्हणतोय."

अजवांगला खुर्चीत काहीच दिसेना. ती उठली. कडीकडे धावली.

"बस, पोरी... उजाडलं नाही अजून."

मागे खुर्ची पुन्हा करकरली. कुणी उठल्यासारखी.

वास जवळ आला... पाठीशी... मानेशी...

उजाडल्यावर म्हातारीने कडी काढली. अजवांग दाराशीच बसलेली. "गेला तो. तूही जा आता," म्हातारी म्हणाली.

म्हातारी आता नीट जेवते, झोपते. अजवांगने ते काम सोडलं. तिचा स्वेटर आमच्याकडे आहे, दाखवतो हवा तर. निळाच आहे अजून. फक्त खांद्यावरचा रंग उडालाय. पाचही बोटं दिसतात.