न गाळलेली पिशवी

नेहरू नगरातल्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या ब्लड बँकेत, प्लेटलेटच्या कपाटाला सगळे पाळणा म्हणत. म्हणणारच. प्लेटलेट फ्रीजमध्ये ठेवल्या की खलास, नुसत्या पडून राहिल्या तरी खलास. त्यांना खोलीच्याच गारव्यात सतत हळूहळू हलवत ठेवावं लागतं, आणि एवढं करून त्या जगतात जेमतेम पाच दिवस. तिथली टेक्निशियन ऋतुजा म्हणायची, "जावई परवडला, पण यांचे नखरे नकोत."

ऋतुजाचे वडील नागपूरहून सरकारी बदलीवर भोपाळला आले आणि इथलेच झाले. ते गेल्यावर घरात उरली आई कुसुमताई, ती आणि धाकटा प्रतीक. हा प्रतीक आता त्याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर पडून होता. त्याच्या शरीरानं रक्त बनवणंच सोडून दिलं होतं. प्लेटलेट चढवल्या की दोन-तीन दिवस बरे जात, मग पुन्हा हिरड्यांतून रक्त, अंगभर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. त्याचा जीव त्या पाळण्यावर टांगलेला होता म्हणा ना.

बरखेड्याच्या गणेश मंडळानं रक्तदान शिबिर घेतलं, तेव्हाची ही गोष्ट. चार-चार जणांच्या प्लेटलेट एका पिशवीत एकत्र करायच्या आणि साठवण्याआधीच बारीक गाळणीतून गाळायच्या, अशी तिथली रीत. गाळणीत पांढऱ्या पेशी अडकतात. त्या म्हणजे रक्तातले पहारेकरी. शरीरात असतात तोवर ठीक. पण पिशवीत कोंडल्या की प्लेटलेटच्या वाटणीची साखर खातात, पाणी आंबट करतात, आणि मरता मरता पोटातलं सगळं त्यात ओकून जातात. म्हणून आधीच गाळायचं.

त्या दिवशी नेमकी एक गाळणी कमी पडली. इंदूरहून येणारं पार्सल आलंच नव्हतं.

"एकच तर पिशवी आहे," ऋतुजा म्हणाली. "देताना गाळणी लावू." असं सर्रास करतात. पिशवी तशीच पाळण्याच्या मधल्या कप्प्यात गेली.

रोज सकाळी ऋतुजा एकेक पिशवी खिडकीच्या उजेडात धरून हलकेच दाबून बघायची. प्लेटलेट जिवंत असल्या की तांदळाच्या धुवणात हात फिरवावा तशी चमकदार वलयं उठतात. मेल्या की नुसतं पिवळट पाणी. न गाळलेली पिशवी सगळ्यांत आधी मरायला हवी होती. पण तिसऱ्या सकाळी तीच लखलखत होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या, नीट गाळलेल्या पिशव्या मेल्या होत्या.

ऋतुजाला वाटलं, जंतू शिरले असतील. तपासणी केली, काही निघालं नाही. तिच्याबरोबर काम करणाऱ्या गोविंदभैयांनी पिशवी खालच्या कप्प्यात हलवली. दुसऱ्या दिवशी खालचा कप्पा मेला. आधी लगतच्या पिशव्या, मग त्यांच्या पलीकडच्या.

"मॅडम, इसको फेंक दो," गोविंदभैया म्हणाले. त्यानंतर त्यांनी त्या पिशवीला हात लावला नाही.

दुपारी पुसायला म्हणून ऋतुजानं पाळणा बंद केला. बाकीच्या पिशव्या निमूट थांबल्या. त्या एकीत मात्र वलयं फिरतच राहिली. ऋतुजा डावीकडे सरकली, तशी वलयं डावीकडे गोळा झाली. ऋतुजा उजवीकडे आली. वलयंही आली.

पिशवी कचऱ्याच्या लाल डब्यात टाकायची, एवढंच तिनं ठरवलं आणि हात पुढे केला. तेवढ्यात फोन वाजला.

वरून डॉक्टर समीर बोलत होते. प्रतीकच्या नाकातून रक्त थांबत नव्हतं, आणि आता तो डोकं दुखतंय म्हणत होता. मेंदूत रक्तस्राव झाला तर संपलं. डेंग्यूचे दिवस, अशोका गार्डनपासून कोलारपर्यंत साऱ्या ब्लड बँकांना ऋतुजानं फोन लावले. कुठेच काही नव्हतं, आणि इथे पाळण्यात त्या एकीशिवाय जिवंत पिशवी उरली नव्हती.

"तुमच्याकडे एक आहे ना?" डॉक्टर खाली येऊन म्हणाले. त्यांनीही ती तपासली. ताजी वाटावी इतकी चांगली होती. "मग अडचण काय आहे?"

काय सांगणार? "ती गाळलेली नाही, सर."

"देताना गाळणी लावा."

"पेशी अडकतील. पण त्यांना पाण्यात जे सोडायचं ते त्यांनी केव्हाच सोडलंय. ते गाळणीत नाही अडकत."

"फार तर थंडी-ताप येईल. औषध देऊ. उशीर नका करू."

ऋतुजाला खूप भीती वाटत होती. भाऊ मरेल याची जास्त वाटली. इंदूरचं पार्सल कालच आलं होतं. त्यातली गाळणी घेऊन ती जिना चढली आणि पिशवी तिनं स्वतःच्या हातानं टांगली.

पिशवी भराभर रिकामी झाली. रक्त थांबलं. ताप आला नाही, थंडी वाजली नाही.

तिनं गाळणी सोडवून उजेडात धरली.

तीत काहीच अडकलं नव्हतं.

सकाळी प्रतीक उशीला टेकून पोहे खात होता. गाल भरलेले दिसत होते. शेजारची खाट रिकामी होती. ज्या काकांना आज घरी सोडणार होते, त्यांना पहाटे आयसीयूत हलवलं होतं. कुसुमताई रात्रभर लेकाचा हात हातात घेऊन स्टुलावर बसल्या होत्या.

"बाप्पा पावला गं," त्या म्हणाल्या. त्यांच्या दातांच्या कडा लाल होत्या.

"आई, हात दाखव."

बोटांपासून कोपरापर्यंत लाल ठिपके होते.

"मच्छर चावलेत. इथे काय कमी आहेत?"

ऋतुजानं आईला दंडाला धरून उठवलं, दाराबाहेर नेलं, सिस्टरच्या ताब्यात दिलं. आत्ताच्या आत्ता रक्त तपासा म्हणाली. आत कोणी जाऊ नका, असंही म्हणाली.

"आणि त्याच्याजवळ कोण?" आईनं विचारलं.

ऋतुजानं दारातून पाहिलं. प्रतीकनं बशी बाजूला ठेवली होती. लहानपणी ताप आला की बघायचा तसा तो तिच्याकडे बघत होता.

"ताई, एकट्यानं नाही करमत गं," तो म्हणाला, आणि खाटेवर सरकून त्यानं तिच्यासाठी जागा केली.

ऋतुजा आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.