धाकट्याचं तोंड

संस्थेचं यंत्र संस्थेला परत करायचं, एवढंच काम होतं. इतके दिवस बंद असलेलं ते यंत्र ताईने टेबलावर ठेवलं, चालतंय ना ते बघायला सुरू केलं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने कळांच्या फटीत अडकलेलं पीठ काढायला बसली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

ते पीठ धाकट्या भावाच्या बोटांचं. तो बेकरीत मैदा मळायचा. लहानपणी मेंदूज्वराने त्याचे डोळे आणि कान दोन्ही नेले. बोलणं उरलं होतं, पण स्वतःचाच आवाज ऐकू येईना तसं तेही हळूहळू विझलं. मग अंध-बधिरांसाठीच्या संस्थेकडून हे वहीएवढं यंत्र आलं. त्याने कळा दाबल्या की शब्द ताईच्या मोबाइलवर उमटायचे. ताईने मोबाइलवर लिहिलं की यंत्राच्या पट्टीवर मोहरीएवढे ब्रेलचे ठिपके वर यायचे आणि तो ते बोटाने वाचायचा. कामाच्या टिपा, चहाड्या, भांडणं, सगळं त्यातच. "माझं तोंड चार्जिंगला लावलंस का?" असं रोज विचारायचा. एकदा ताईच्या मोबाइलवर बेकरीच्या मालकालाच लिहून दाखवलं होतं, "तुमची बडबड मला ऐकू येत नाही, म्हणून तर आपलं जमतं."

तो झोपेतच गेला. सकाळी ताई उठवायला गेली तर अंग गार. शेजारीपाजारी म्हणाले, "सुटला बिचारा." ताईच्या जिव्हारी लागलं ते. सुटायला तो अडकला कुठे होता?

ती ब्रश फिरवत असताना शेजारी ठेवलेला मोबाइल थरथरला.

"ताई."

जुनाच एखादा निरोप अडकून राहिला असेल, असं तिला वाटलं. तेवढ्यात तिच्या डोळ्यांदेखत यंत्राची एक कळ आपोआप खाली गेली. मग दुसरी. मग भराभर.

"आज उठवलं का नाहीस? बेकरीला उशीर होतोय."

ती खुर्चीसकट मागे सरकली. खोलीत आंबलेल्या मैद्याचा ओलसर वास दाटला होता. "कोण... कोण आहे?" ती ओरडली, आणि मग तिचं तिलाच रडू फुटलं. लहानपणापासून ज्याला हाक पोचली नाही, त्याला आता ओरडून काय कळणार? तिने लिहिलं, "मी इथेच आहे रे."

ठिपके वर आले आणि ओळीने किंचित दबत गेले. वरून कुणाचं तरी बोट फिरावं तसे.

"किती लिहिलं तुला! रागावलीस का माझ्यावर?"

तेव्हा तिला उमगलं. मेल्यावर म्हणे सगळा अंधार होतो, आवाज बंद होतात. याचा अंधार जुनाच, शांतताही जुनीच. मग आपण गेलोय हे याला कळणार तरी कशावरून? बदललं होतं ते एवढंच, की ताई उत्तर देईनाशी झाली होती.

"तुला ताप आहे," तिने लिहिलं. "पडून राहा."

"तरीच भूक नाही. वाससुद्धा येत नाही कशाचा."

त्या दिवशी यंत्र परत गेलं नाही. नंतरही नाही. संस्थेतल्या बाईंचा फोन आला, "घाई नाही हो ताई, पण एक मुलगी वाट बघतेय. आईशी एक अक्षरही बोलता येत नाही तिला."

"आणते... आणते लवकर," असं म्हणून ताईने फोन ठेवला. तिला त्या मुलीचं वाईट वाटत होतं. पण हातचं यंत्र सुटत नव्हतं. तिने कामावर रजा टाकली आणि सकाळ-संध्याकाळ त्या टेबलापाशीच बसू लागली.

हळूहळू त्याचे विनोद आटले.

"ताई, गादी काढून घेतलीस का? अंगाखाली काही लागत नाही."

"ताई, हा ताप उतरणार कधी?"

खोटं किती दिवस रेटणार? एका सकाळी, रस्त्यावरून शाळेची मुलं कलकलाट करत जात असताना, तिने मन घट्ट करून लिहिलं, "बाळा, तुला ताप नाही. तू झोपेतच गेलास. मी उठवायला आले तेव्हा तू उरला नव्हतास."

ठिपके दबत गेले. पुन्हा पहिल्यापासून दबत गेले.

"बरं," शेवटी उमटलं. "वाटलंच होतं मला. तू रडू नकोस."

ताईने पदराने डोळे पुसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला.

"म्हणजे तू माझ्याजवळ नाहीस?"

"नाही रे राजा. मी घरी आहे, आपल्या टेबलापाशी."

कळा आता फार सावकाश खाली जात होत्या, एकेक अक्षर चाचपडत.

"मग इतके दिवस... माझा हात धरून कोण बसलंय?"

ताईने झडप घालून मोबाइल उचलला. "सोडवून घे," तिने लिहिलं. "हात सोडवून घे, बाळा!"

ठिपके वर आले. त्यांच्यावरून बोट फिरलं नाही.

संस्थेचे फोन अजून येतात. ताई यंत्र देत नाही, बंदही करत नाही. ते ठिपके अजून तसेच वर आहेत.