नजर हटली की

मुलांना प्रश्न विचारला की मी खिडकीबाहेर बघते. कोणी टक लावून बघत असलं की लाजऱ्या मुलांची दातखीळ बसते. नजर हटली की ती बोलतात. हे पुस्तकात नाही, वर्गात अर्धं आयुष्य घालवल्यावर कळलं.

या वर्षी तोंडी परीक्षा यंत्र घेणार होतं. फळ्याशेजारी भिंतीत स्क्रूने घट्ट बसवलेला कॅमेरा, खाली पडदा. वर्षभर ते माझे तास ऐकत होतं. शिकतंय, असं मुख्याध्यापिका म्हणायच्या. मी म्हणायचे, चला, निदान एक तरी विद्यार्थी लक्ष देतोय.

माझा जीव अडकला होता घुमीत. आई गेल्यापासून मावशीकडे राहणारी ही मुलगी चारचौघांत तोंड उघडत नसे. गप्प राहणाऱ्याला शून्य, असा यंत्राचा नियम होता, आणि शून्य मिळालं तर तिला दुसऱ्या शाळेत पाठवणार होते. तिला सगळं येतं, फक्त वेळ द्या, असं मी मुख्याध्यापिकांना परोपरीने सांगितलं. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

परीक्षेत मला मागच्या बाकावर बसवलं, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. मावशी दारात ओठ चावत उभी होती.

यंत्राने विचारलं, "सावली कधी लांब होते?"

घुमीने मान खाली घातली. पडद्यावर वेळेची पट्टी आक्रसत गेली, अगदी संपत आली.

मग पट्टी थांबली.

बारीक करकर झाली. कॅमेरा सावकाश वळला आणि घुमीवरून सरकत खिडकीपर्यंत गेला.



"संध्याकाळी," घुमी म्हणाली. "तेव्हा माझी सावली आईएवढी होते."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ती भीती नव्हती. वर्गात कोणी मोठं माणूस आलं की आपण नकळत उठतो, तशी मी उठून उभी राहिले होते.

घुमी पास झाली. दुपारी तंत्रज्ञ आला, त्याने माझं ऐकून घेतलं आणि हसला.

"बाई, याला मोटरच नाही. हा वळेल कसा?"

तरी कॅमेरा सरळ करून, स्क्रू आवळून तो गेला.

खोली रिकामी झाली. जरा टेकावं म्हणून मी घुमीच्या खुर्चीत बसले. पडदा उजळला. त्यावर प्रश्न नव्हता.

बारीक करकर झाली.

कॅमेरा खिडकीकडे वळला आणि माझ्या बोलण्याची वाट बघू लागला.