पाच मोजेपर्यंत

दर गुरुवारी सकाळी समीक्षा लातूरहून औशाच्या गाडीत बसायची. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत दोन वह्या आणि रबर लावलेली चित्रांची चवड. तांब्या, गाय, खुरपं, भाकरी, दिवा, अशी घरातलीच चित्रं. हाताळून हाताळून कोपरे मऊ पडलेले. औशाला उतरून काळीपिवळी जीपमध्ये अंग चोरून बसायचं आणि बारा किलोमीटरवरच्या गावात जायचं. ती वाचाउपचार करायची, आणि तिथं एकाच घरात तिचे दोन पेशंट होते. एकाची वाचा गेलेली, आणि एकीला ती आलेलीच नव्हती.

गेलेली वाचा ग्यानोबा महाराजांची. समीक्षा मूळची हिमायतनगरची, बाप टाळकरी. सप्ताहात बापाच्या मांडीवर बसून तिनं महाराजांचं कीर्तन ऐकलं होतं. माणूस उभा राहिला की आधी बोलायचाच नाही. मृदंग थांबायचा, टाळ थांबायचे, आणि त्या शांततेत महाराज एकच शब्द ठेवायचे, समईत वात ठेवावी तसा अलगद. मांडवातली हजार माणसं श्वास धरून. मग हसवायचे, मग रडवायचे, आणि घरी परतताना म्हातारीकोतारी सुद्धा हलकी होऊन चालायची. असा तो गळा. दोन वर्षांपूर्वी डोक्यातली नस गेली, उजवा हात गेला आणि शब्द गेले. वाचाघात. समोरचं सगळं कळायचं. चार चित्रं मांडून ‘गाय कुठंय?’ विचारलं की डाव्या हाताचं बोट नेमकं गायीवर जायचं. पण तोंडातून एकच शब्द निघायचा. विठ्ठल. भूक लागली तरी विठ्ठल, माशी बसली तरी विठ्ठल. दिवसभर बाजेवरून तो बारीक आवाज चालू असायचा, आणि घराला त्याची इतकी सवय झालेली की कुणाला ऐकू यायचा नाही.

न आलेली वाचा सृष्टीची, महाराजांच्या नातीची. वय सहा. कान तपासले होते, शाबूत. समज चांगली. पण तोंडातून शब्द नाही. तिच्या बापानं, बालाजीनं, समीक्षाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “जूनपोतर बोलली तर गावच्या शाळंत घालतो मॅडम. न्हाई तर नांदेडला वसतिगृहाच्या शाळंत ठिवतो. घरी ठिवून काय, बकऱ्या राखायला लावू?”

सृष्टीची आई पुनम तेव्हा दाराआड उभी होती. चौकटीवरची तिची बोटं पांढरी पडली.

“पन्नास शब्द आले की मी लेखी देते,” समीक्षा म्हणाली होती. “ती इथंच शिकेल.”

पन्नास हा आकडा तिचाच. बालाजीनं तो घट्ट धरून ठेवला.

समीक्षाची कामाची रीत साधी होती. चित्र धरायचं, विचारायचं, तळवा वर करायचा आणि मनात पाच मोजायचे. मधे कुणीही बोलायचं नाही. आईनं नाही, आजीनं नाही. लेकराला शब्द शोधायला जागा लागते. आपण मोठी माणसं ती जागा बुजवून टाकतो. उत्तर नाही आलं तर ती म्हणायची, “घाई नाही. आपण वाट बघू.” घरादाराला तिनं हे शिकवलं होतं. महाराजांची बायको कस्तुराबाई हसायची. “आता म्हशीला बी पाच मोजून विचारतो बघा, देतीस का माय दूध म्हणून.”

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी समीक्षानं तांब्याचं चित्र धरलं. तळवा वर. एक, दोन, तीन, चार.

“तांब्या,” सृष्टी म्हणाली.

पुनम पदर तोंडात कोंबून रडायला लागली. कस्तुराबाई मात्र हसली नाही. तिनं मान वळवून आधी बाजेकडं पाहिलं.

परतीच्या गाडीत समीक्षाच्या मनात काहीतरी टोचत राहिलं. लेकरांचे पहिले शब्द मोडके येतात. तांब्याचा ताबा होतो, भाकरीची बाकी होते. हा शब्द जोडाक्षरासकट आला होता, तोलून, गोल. आणि शब्द ठेवल्यावर पोरगी हनुवटी उचलून थोडी थांबली होती, मागून कुणी तो उचलून धरणार असल्यासारखी.

त्याच दुपारी महाराजांपुढं चार चित्रं मांडली होती. ‘तांब्या कुठंय?’ बोट हवेत राहिलं, मग गायीवर गेलं. समीक्षानं वहीत लिहिलं : ऊन, थकवा.

पुढच्या गुरुवारी सृष्टीनं सात शब्द सांगितले. समीक्षानं गाडीत दोन्ही वह्या मांडीवर शेजारी शेजारी उघडल्या. डाव्या वहीत सृष्टीला आलेले सात शब्द, उजव्या वहीत महाराज चुकलेले सात. तेच. क्रमसुद्धा तोच.

ती वैज्ञानिक शिक्षण घेतलेली बाई. भ्यायच्या आधी तिनं संशय घेतला. पहिला पुनमवर.

“तू हिला मागून खुणा करतेस का गं?”

“मी तर चुलीपाशी व्हते की, मॅडम.”

“घरी चित्रं शिकवतेस?”

“चित्रं तुमच्यासंगं जातेत. मोबाईल ह्येंच्या खिशात. मी काय दाखवू?”

पुनमच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मिळालेलं कुणी परत मागेल अशी. समीक्षानं मग कस्तुराबाईवर नजर ठेवली. मग महाराजांना दुसरा झटका आला असेल म्हणून लातूरला नेऊन डोक्याचा फोटो काढवला. डॉक्टर म्हणाले, “नवीन काहीच नाही. होतं तसंच आहे.”

नवीन काहीच नव्हतं, आणि दर गुरुवारी महाराज आणखी थोडे रिकामे होत होते.

अजून एक गोष्ट तिला खटकत होती, आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही. लेकरं शब्द शिकतात ते मागण्यासाठी. पाणी हवं म्हणून पाणी म्हणतात. सृष्टी ‘पाणी’ म्हणायची, पण तहान लागली की पूर्वीसारखीच गप उठून माठाकडं जायची. ती नावं घ्यायची. मागायची नाही.

एप्रिलात समीक्षानं पारख करायचं ठरवलं. लातूरहून निघताना एक नवं चित्र स्वतः काढून आणलं, कुणालाही न दाखवलेलं. कस्तुराबाईला सांगितलं, “मावशी, सृष्टीला घेऊन शेजारी जा. मी बोलावेपर्यंत येऊ नका.” पुनमला बाहेर बसवलं. दार लावलं. पत्रा तापलेला, खोलीत कडब्याचा आणि कापराचा वास. बाजेवरून बारीक आवाज चालू. विठ्ठल, विठ्ठल.

तिनं चित्र महाराजांपुढं धरलं. चिपळ्या.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं. डावा हात उचलला गेला, अंगठा आणि बोटं जवळ आली, लांब झाली, पुन्हा जवळ आली. नसलेल्या चिपळ्या वाजवत राहिली. खुंटीला त्याच्या खऱ्या चिपळ्या टांगलेल्या होत्या. समीक्षानं चित्र पिशवीत घातलं आणि बाहेर आली.

शेजारच्या अंगणात सृष्टी काटकीनं मातीत रेघा ओढत होती. तिनं मान वर केली नाही.

“चिपळ्या,” ती म्हणाली. आणि हनुवटी उचलून थांबली.

समीक्षा परत आत गेली. खुंटीवरच्या चिपळ्या काढून तिनं महाराजांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या उलट्या केल्या, सुलट्या केल्या. नाकापाशी नेऊन हुंगल्या. मग पाहुण्याची वस्तू परत करावी तशा अदबीनं तिच्यापुढं धरल्या.

मागोमाग आलेली कस्तुराबाई दारात उभी होती.

“बघितलंव ना?” ती म्हणाली. “मला पहिल्याच दिशी कळलं. नातीला द्यायलेत.”

“मावशी, असं नसतं.”

“तुमच्यात नसंल माय. ह्येंनी जल्मभर दुसरं काय केलं? गावोगाव वाटतच फिरले.” तिनं चिपळ्या घेतल्या आणि पदरानं पुसल्या. “त्येंची खुशी हाय. म्या आड येत न्हाई. तुमी बी येऊ नका, पोरगी घरी ऱ्हाऊ द्या. पर एक ऐका. ते एक नाव तेवढं त्येंच्यापाशी ऱ्हाऊ द्या. जाताना लागतंय ते. तेवढ्यासाठीच तर केला ना एवढा आटापिटा.”

समीक्षाला बापाची मांडी आठवली, मांडव आठवला. “तो शब्द मी कधीच विचारणार नाही,” ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

खुशी होती का, हे मात्र तिला कळत नव्हतं. देणारा माणूस आणि काढून घेतला जाणारा माणूस, दोघंही लांबून सारखेच दिसतात. महाराज आता बोट उचलायचे नाहीत. चित्रांकडं पाहायचे नाहीत. ते सृष्टीकडं पाहायचे. आणि सृष्टी त्यांच्या ओठांकडं.

मेच्या शेवटच्या गुरुवारी वहीत एकोणपन्नास शब्द होते.

बालाजी दुसऱ्या दिवशी नांदेडला फॉर्म भरायला निघणार होता. तो उंबऱ्यावर बसून चप्पल आपटत होता. “पन्नास म्हणलाव तुमी. मी पन्नासच धरलो.”

“एक वाढवून लिव्हा की मॅडम,” पुनम कुजबुजली. “एकानं काय व्हतंय? तुमच्या पाया पडते.”

“न ऐकलेला शब्द मी लिहीत नाही, पुनम.”

सगळी चवड दाखवून झाली होती. सृष्टीनं ओळखीची सगळी नावं घेतली, नव्या चित्रांपुढं गप्प राहिली. महाराजांकडं आता द्यायला काही उरलं नव्हतं. समीक्षानं घरातल्या वस्तू दाखवल्या, अंगणातल्या दाखवल्या. घामानं वहीची पानं चिकटायला लागली. पुनम पदराची कड पिळत होती. आणि कुणीच काही बोलत नव्हतं तेव्हा बाजेवरचा तो बारीक आवाज अचानक ऐकू आला. ज्याची सवय झाली होती तो.

“आजोबा काय म्हणतायत गं?” समीक्षानं विचारलं.

विचारलं, आणि तळवा वर केला. तेरा वर्षांची हाताची सवय.

एक.

वैरण टाकून आलेली कस्तुराबाई दारातच थबकली. “मॅडम, ते नका—”

समीक्षाचा तळवा तिच्याकडं वळला. मधे कुणी बोलायचं नाही. इतके महिने त्या तळव्यापुढं गप्प बसायला शिकलेली म्हातारी गप्प बसली.

दोन.

आपण काय विचारलं ते समीक्षाला तेव्हा कळलं.

तीन.

हात खाली येईना.

चार.

“विठ्ठल,” सृष्टी म्हणाली.

शब्द खोलीच्या मधोमध अलगद ठेवलेला. गोल, तोलून. हिमायतनगरच्या मांडवातला.

बाज गप्प झाली.

पुनमनं लेकीला उराशी धरलं. बालाजी म्हणाला, “झाले बघा पन्नास,” आणि किती तरी महिन्यांनी हसला. कस्तुराबाई बाजेपाशी खाली बसली, नवऱ्याच्या कानाला तोंड लावलं आणि ते नाव म्हणाली. पुन्हा म्हणाली. महाराज तिच्याकडं पाहत राहिले. परमुलखातल्या माणसानं पत्ता विचारावा आणि आपल्याला त्याची भाषाच येऊ नये, तसे पाहत राहिले.

समीक्षानं वहीत पन्नासावा शब्द लिहिला. मग लेखीही दिलं.

जूनमध्ये ती एकदाच गेली. जायला हवं होतं. शाळा सुरू झाल्यावर तपासणी करायची असते.  बाज ओसरीवर आणलेली, महाराज तिच्यावर डोळे उघडे ठेवून पडलेले. कस्तुराबाई उशाशी बसून ते नाव घेत होती, न थांबता, आवाज बसलेला. तिनं समीक्षाकडं पाहिलं नाही. पुनमनं चहा टाकला.

सृष्टी गणवेशात होती, दोन वेण्या, नव्या रिबिनी. समीक्षा सतरंजीवर बसली, पिशवी शेजारी ठेवली.

“शाळा आवडली का गं?”

सृष्टीनं पिशवीकडं पाहिलं. ती जवळ आली, पिशवीतून चित्रांची चवड काढली, रबर सोडलं. वरचं चित्र उचलून समीक्षाच्या डोळ्यांपुढं धरलं.

पितळेचं. पोट गोल, गळा आवळलेला, काठ बाहेर वळलेला. त्यात पाणी असतं. पाहुणा आला की पुढं करतात. आईच्या घरी अशी चार होती, चिंचेनं घासायची, स्वतःच्याच हातांनी घासलेली. समीक्षानं तोंड उघडलं.

सृष्टीनं तळवा वर केला.

समीक्षाला सगळं दिसत होतं. त्याची चमक, त्याचा थंडपणा, ओठाला लागणारी कड. फक्त शब्दाच्या जागी काही नव्हतं. तिनं जीभ टाळूला लावली, काढली, पुन्हा लावली. ओसरीवरून कस्तुराबाईचा बसका आवाज येत होता. महाराजांनी मान वळवली होती, आणि ते तिच्या ओठांकडं पाहत होते.

पोरीचं एक एक बोट मिटत गेलं. पाचही मिटली.

आणि सृष्टी पहिल्यांदाच पुरं वाक्य बोलली. गावाकडच्या बोलीत नाही. लातूरच्या बाईच्या शुद्ध, मायाळू, सावकाश आवाजात.

“घाई नाही,” ती म्हणाली. “आपण वाट बघू.”