जहागीरदार मेंढ्याची भावकी

"पळ रंग्या, पळ! आडवा हो त्यांना!"

पंचफुला ओरडली खरी, पण रंगनाथ आडवा होण्याआधीच आडवा पडला! अख्खा कळप त्याच्यावरून उड्या मारत गेला. धुळीचा असा लोट उठला, की तिकडं पिंगळी स्टेशनात गाडीच्या ड्रायव्हरनं म्हणे भर उजेडात दिवे लावले!

धूळ खाली बसली. कळपही खाली बसला. पण कुठं? बांधापलीकडं, गावचे मोठे मालक आबासाहेब यांच्या शेतात! अलीकडचं कमलबाईचं रान आजही रिकामंच.

"आजबी तिकडंच?" पंचफुलाच्या आज्यानं, धोंडीबानं, कपाळाला हात लावला. "ऊठ की गं माय! ऊठ की!"

एक मेंढी उठेल तर शपथ!

उन्हाळ्यात शेतात मेंढरं बसवतात. रात्रभर कळप बसला, की लेंड्या-मुतानं जमिनीला पेरणीआधी छान खत मिळतं. यंदा धोंडीबानं पहिला शब्द दिला होता रंगनाथच्या आईला, कमलबाईला. तिचं रान ओंजळीएवढं, विकतचं खत कुठून आणणार? पण रोज संध्याकाळी वाट फुटते तिथं आलं, की कळप पिसाळायचा आणि सुसाट पलीकडं पळायचा.

गाव काय गप्प बसतंय? "धोंडीबा लबाड हाय, मोठ्या मालकाची मर्जी राखायलाय," असं लोक म्हणायला लागले. म्हाताऱ्या बायनाबाईनं तर कहर केला. "कमळीच्या रानात बिनमुंडक्याचा लांडगा हाय! रोज रात्री दात विचकतो!"

"मुंडकंच न्हाई, तर दात कुठं बसवलेत?" रंगनाथनं विचारलं. त्याला पाठीत धपाटा मिळाला.

पण गंमत तिथंच संपली. दोन दिवसांनी पारावर बैठक भरणार होती. धोंडीबानं शब्द मोडला असं ठरलं, तर त्याच्या मेंढरांना गावच्या शिवारात बंदी!

"मंग आमाला गाव सोडावं लागंल," पंचफुला हळूच म्हणाली. "शाळाबी."



त्या संध्याकाळी तिघं रंगनाथच्या अंगणात बसले होते. तिसरा भुजंग, रंगनाथचा आतेभाऊ. तो आईबरोबर सुट्टीला परभणीहून आला होता. त्याची आई कुसुमआत्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायची आणि शब्दांची भावकी शोधायचा तिला भारी नाद!

"तोंडं का पाडलीत रे?" आत्यानं शेंगा फोडता फोडता विचारलं. "चला, खेळ! मेंढरू म्हणजे?"

"शीप," भुजंग म्हणाला.

"राखणारा?"

"शेफर्ड."

"हर्ड म्हणजे कळप, आणि जुन्या काळी तो राखणाऱ्यालाही तसाच शब्द होता. शीप राखणारा तो शेफर्ड. दोन शब्दांनी संसार थाटला. आता सांगा, रानात चरतं ते शीप, मग ताटात आल्यावर त्याचं मटण कसं होतं?"

"मसाला घालून!" रंगनाथ म्हणाला.

आत्या हसून हसून ठसकली. "अरे, इंग्लंडात फ्रेंच बोलणाऱ्यांचं राज्य आलं होतं. मेंढरं राखायचे गरीब, त्यांचा शब्द शीप. ताटावर बसायचे राज्यकर्ते, त्यांचा शब्द मटण!"

"मंग आपल्याकडंबी तसंच की!" पंचफुला म्हणाली. "बाबा सांगतेत, निजामात रानात मराठी अन् कचेरीत उर्दू!" आज्याला ती बाबाच म्हणायची.

"शाबास! आता एक कडक शब्द. बेलवेदर."

"वेदर म्हणजे हवामान," भुजंग ऐटीत म्हणाला.

"त्याची भावकी निराळी! हा वेदर म्हणजे खच्ची केलेला मेंढा. हजारो वर्षांपूर्वी वर्षाला एक शब्द होता. त्यातून आपला संवत्सर आला. वर्षाचं पिल्लू ते वत्स, वत्साचं झालं वासरू. त्याच शब्दाचं एक लेकरू दूर देशी गेलं, तिथं मेंढा झालं."

"आयला! म्हंजे इंग्रजाच्या मेंढ्याचा अन् आपल्या वासराचा खापरपणजोबा एकच?" रंगनाथनं विचारलं.

"अगदी! आणि बेल म्हणजे घंटा. घंटेवाला मेंढा पुढं चालतो, कळप डोळे झाकून त्याच्यामागं. म्हणून आता माणसांनाही हा शब्द लावतात. सगळे कुठं जाणार हे कळायला ज्याच्याकडं बघायचं, तो बेलवेदर."

पंचफुला ताडकन उभी राहिली.

"जहागीरदार!"

जहागीरदार हा धोंडीबाचा घंटेवाला मेंढा. शिंगं अशी लांब, की धोंडीबा म्हणे एकावर धोतर वाळवायचा आणि दुसऱ्यावर पटका!

"आमी रोज शेपटीमागं पळायलोत," पंचफुला म्हणाली. "शेवटची मेंढरं वळवायलोत. पर जहागीरदाराला तिकडं कोण न्यायलंय, हे कुणी बघितलंच न्हाई! बाबाबी म्हणतेत, जहागीरदार कधी चुकत न्हाई."

"मग उद्या घंटेच्या पुढं जायचं!" भुजंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर भुजंग आणि रंगनाथ आबासाहेबांच्या बांधावर बाभळीमागं दडले. रंगनाथला काटा टोचला.

"ओय!"

"गप! कुणीतरी येतंय!"

आला तो बन्सीधर, आबासाहेबांचा पुतण्या. त्यानं इकडंतिकडं बघितलं, सदऱ्याच्या खिशातून शेंगदाण्याची पेंड काढली आणि मूठभर झुडपाखाली टाकली. मग ओठांनी "हुर्र, हुर्र" केलं. लांबून घंटा वाजली, जहागीरदार धावतच आला आणि त्याच्यामागं अख्खी पलटण! बन्सीधर बांधाआडून पसार झाला.

"धरू त्याला!" रंगनाथ म्हणाला.

"अन् सांगशील कुणाला? पोरांचं कोण ऐकतंय?" भुजंगनं त्याला खाली दाबलं. "जहागीरदारालाच सांगू दे."

पोरांकडून सगळं कळल्यावर पंचफुला रात्रीच्या भाकरीआधी आज्याच्या मागं लागली. "बाबा, बैठक दिवस मावळताना ठेवा म्हणावं. तुमी रानातून मोकळे होताव. मी कळप पारावरून आणते."

"पारावरून? का गं?"

"आणू द्या की!"

बैठकीच्या दिवशी पार गच्च भरला. मधोमध आबासाहेब. शेजारी बन्सीधर सारखा सूर्याकडं बघत, चुळबुळ करत! बांधावर जायला उशीर होत होता ना!

"धोंडीबा, शब्द का मोडलास?" आबासाहेबांनी विचारलं.

"मालक, देवाशपथ, मी न्हाई मोडला. जनावर ऐकंना."

भुजंगनं घसा खाकरला. "बन्सीमामा, तुम्हाला काय वाटतं? तो घंटेवाला मेंढा..."

"मला काय ठावं? मी त्याला कधी हातबी लावला न्हाई. बघितलाबी न्हाई!"

तेवढ्यात वळणावर घंटा वाजली.

जहागीरदार पारापाशी आला. थांबला. नाक वर केलं. आणि माणसांना ढुशा देत सरळ बन्सीधरकडं! एका झटक्यात तोंड त्याच्या खिशात!

"हाड! हाड! सोड की लेका!"

सोडतो कशाला? मागून कळप आला. मेंढरं पारावर चढली, कुणाच्या मांडीवर, कुणाच्या धोतरात! बायनाबाई ओरडली, "लांडगा आला, लांडगा!" खिसा टर्रकन फाटला आणि पेंड सगळ्यांसमोर सांडली.

पार हसून हसून हलला. हसले नाहीत फक्त आबासाहेब.

"बन्सी?"

बन्सीधर रडवेला झाला. "काका, तुमी म्हणलात, यंदा पहिली मेंढरं आपल्या रानात बसव, धोंडीबाला सांगून ठेव. मी सांगायचंच इसरलो. तवर कमलवहिनीनं सांगितलं होतं. तुमी रागवताल म्हणून..."

"अन् मीबी एकदा विचारलं न्हाई, ही मेंढरं आपल्याकडं कशी," आबासाहेब पुटपुटले. ते उठले आणि धोंडीबापुढं हात जोडले. "चूक आमची. पेरणीपतुर मेंढरं कमलबाईच्याच रानात बसतील. राखण बन्सी करंल. अन् पेंड त्याच्या खर्चानं!"

मग त्यांनी पोरांकडं बघितलं. "आमी एवढे मोठे लोक, पर नुसते धोंडीबावर ओरडत बसलो. तुमी तेवढे पुढं जाऊन बघितलात. शाबास रे लेकरांनो!"

"आत्याच्या शब्दानं सापडलं," पंचफुला म्हणाली.

"शब्द माझा," कुसुमआत्या म्हणाली, "डोकं तुझं."

धोंडीबानं काठी नातीच्या हातात दिली. पंचफुला जहागीरदाराच्या पुढं झाली. वाट फुटते तिथं ती अलीकडं वळली. घंटा वळली, कळप वळला.

मेंढरं कमलबाईच्या रानात बसायला लागली, एकेक करून, अंग टाकत. असा काही वास सुटला, की भुजंगनं नाक दाबलं. कमलबाई मात्र बांधावर उभी होती. नाकाला पदर न लावता, डोळे मिटून, मोगरा फुलल्यासारखा ती तो वास छातीभर घेत होती.