बिलातले नऊ

येकातित महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी फोनच्या बिलाची चौकशी करायला आमच्या देसी शहरातल्या टेलिफोन कचेरीत गेले. या गोष्टीची सुरुवात एवढीच आहे. उपासाचे दिवस होते. पोटात काही नव्हतं, पिशवीत तीन महिन्यांची तीन बिलं होती आणि मनात शेजारच्या तोयबाविषयी एक वाईट विचार होता. तो आधी कबूल करते.

आमच्या घरी महिन्याच्या बिलाचा मोबाइल फोन आहे. पाणीखात्यात असताना नवऱ्याने घेतला होता. तो गेल्यावरही मी नंबर सोडला नाही. माझी लेक लेमलेम बैरूतला घरकामाला गेली तेव्हा जाण्याआधी तिने त्यावर एक सोय करून घेतली. तिच्या नंबरवरून फोन आला की त्याचे पैसे माझ्या बिलात लागणार. म्हणाली, "एमाये, माझ्याकडे एक पै नसली तरी तुझा आवाज ऐकता यायला हवा."

नव्या वर्षाच्या महिन्यात ती गेली. दोनदा फोन आला. दुसऱ्या वेळी मी तिला एक गोष्ट सांगणार होते. कानातले विकून दोनशे डॉलर केले होते आणि तिच्या अंगावर पांघरायच्या पांढऱ्या नेतेलाच्या काठात शिवून टाकले होते. आधी सांगितलं असतं तर तिने ते मलाच परत दिले असते, म्हणून पोचल्यावर सांगायचं ठरवलं होतं. पण मालकीण मागे उभी होती, फोन मध्येच कापला गेला, आणि मग तो कधी आलाच नाही. तिला तिकडे पाठवणारा दलाल म्हणाला, मुलगी पळून गेली, कुठे ते विचारू नका. मी मरियम मातेला नवस बोलले: लेक सुखरूप येऊ दे, तुला जरीची छत्री वाहीन. आणि दर महिन्याच्या एकविसाला, मरियमच्या दिवशी, पहाटेपासून देवळात उभी राहू लागले.

मग बिलात जादा पैसे येऊ लागले.

पहिल्या महिन्यात चार मिनिटांचे, दुसऱ्या महिन्यात नऊ, तिसऱ्या महिन्यात सतरा. प्रत्येक वेळी नंबर लेमलेमचा. पुढे लिहिलेलं, पैसे फोन घेणाऱ्याकडून. वेळ तिन्ही वेळा नऊ वाजता.

आमच्या घड्याळात नऊ वाजतात ते दुपारी, कॉफीच्या वेळेला. शेजारची तोयबा रोज येते, मी बिया भाजते, ती कांडते. फोन आमच्या दोघींच्या मधल्या तिवईवर असतो. मी मध्ये पाणी आणायला उठते, कधी कोळसे आणायला जाते. तेवढ्यात फोन आला असेल आणि तोयबाने उचलला असेल का? काहीतरी वाईट कळलं असेल आणि ती माझ्यापासून लपवत असेल का? वीस वर्षांचा शेजार. तिच्या ईदला मी भांडी घासली आहेत आणि माझ्या नवऱ्याच्या मयताला तिने. तरी तो विचार आला. दोन दिवस मी तिच्याकडे नीट बघितलं नाही. शेवटी तीच म्हणाली, "काय गं आस्नाकेच, कॉफीत मीठ मी घातलं की तू?"

कचेरीत खिडकीवर शिफेराव नावाचा मुलगा होता. त्याने तिन्ही बिलं एकाखाली एक ठेवली.

"मावशी, यात चूक काही नाही. घरात कुणीतरी गप्पिष्ट आहे तुमच्या."

मी एकटी राहते, असं मी सांगितलं. दुपारी नऊ वाजता फोन माझ्या डोळ्यांसमोर होता आणि तो वाजला नाही, हेही सांगितलं. तो हसला. आपल्या आईला हसावं तसा.

"दुपारी नव्हे हो. बिलातलं घड्याळ परदेशी आहे. त्यांचे नऊ म्हणजे आपले सकाळचे तीन."

आमचं घड्याळ उजाडताना सुरू होतं. उजाडून तीन तास झाले की तीन वाजले. नवऱ्याची बिलं मी कधी वाचली नव्हती. मला कुठून कळणार की टेलिफोनवाले दिवस अर्ध्या रात्रीपासून मोजतात? मग त्याने भिंतीवरचं परदेशी आणि आमच्या अशा दोन्ही तारखांचं कॅलेंडर काढलं, बोटाने मोजलं आणि प्रत्येक बिलावर आमची तारीख पेन्सिलीने लिहिली.

एकवीस. एकवीस. एकवीस.

खरं तर तोयबा निर्दोष ठरली म्हणून मला हलकं वाटायला हवं होतं. पण एकविसाला सकाळी तीन वाजता मी देवळात असते. फोन देवळात नेत नाही, मरियमच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवून जाते. दाराला कुलूप असतं. किल्ली माझ्या गळ्यात, बाप्तिस्म्याच्या मातेब दोऱ्याशेजारी.

"आपोआप उचलला जात असेल," मी म्हटलं.

"नाही मावशी. उचलला की आधी बाई विचारते, पैसे तुम्ही देणार का. मग एकचं बटण दाबावं लागतं. एक दाबल्याशिवाय पुढे जात नाही." त्याने बिलं माझ्याकडे सरकवली. आता तोही हसत नव्हता. "तुम्ही म्हणत असाल तर ही सोय बंद करतो. इथे सही करा. पुढच्या महिन्यापासून एक बिर जादा लागणार नाही."

पेन हातात घेतलं. त्या सतरा मिनिटांचे पैसे म्हणजे माझं पंधरा दिवसांचं पीठ होतं. पण नंबर तिचा होता. कुणी का उचलेना, तो नंबर कुठेतरी लागत होता, त्याच्या त्या टोकाला कुणीतरी होतं. सही केली तर ती दोरी मीच कापणार. मी पेन खाली ठेवलं.

घरी येताना एक आठवलं. गेल्या महिन्यात, तिरच्या एकविसाला देवळातून आले तेव्हा फळीवरचा फोन गरम होता. दिव्याच्या धगीने असेल, असं तेव्हा वाटलं होतं. दिवा मात्र फळीच्या दुसऱ्या टोकाला असतो.

तोयबाला सगळं सांगितलं, तिच्याविषयीचा विचारही. ती तस्बीचे मणी ओढत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे दोन दिवस मी चोर होते आणि मला पत्ताच नाही. चोरीचं निदान काहीतरी मिळायला हवं होतं." आणि नंतर, हळू, "या एकविसाला मी येते."

त्या एकविसाला मी पहिल्यांदा देवळात गेले नाही. मरियमची क्षमा मागितली, दार आतून लावलं, फोन फळीवर नेहमीच्याच जागी ठेवला. दोघी समोर बसलो. हात रिकामे राहवेनात म्हणून मी बिया भाजायला घेतल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. कुणाचंतरी गाढव ओरडत होतं. देवळातली प्रार्थना भोंग्यावरून अर्धी अर्धी ऐकू येत होती.

तीन वाजले. फोन वाजला नाही. काचही उजळली नाही.

पण बियांचा वास गेला. तव्यावर धूर दिसत होता, आणि वास येत नव्हता. त्याजागी दुसराच वास भरला... फरशी धुवायच्या औषधाचा, डोळ्यांत पाणी आणणारा, आणि त्याखाली कोंदट, ओल्या कपड्यांचा. ज्या खोलीला खिडकी नसते तिथला.

तोयबाने पदर नाकाला लावला. "तू फरशी पुसलीस का?"

आमच्याकडे फरशी नाही, शेणामातीची जमीन आहे.

भोंग्याचा आवाजही आता येत नव्हता. गाढवाचाही नाही. खोलीत कुणीतरी कान देऊन बसलं आहे असं मला वाटलं. दुसरं कसं सांगावं कळत नाही. दुसऱ्याच्या घरी आपण बोलत असताना पडद्याआड कुणी थांबलं की जसं कळतं, तसं. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त... मला वाटलं, जे कुणी आहे ते माझ्या बोलण्याची वाट बघतंय.

मी फळीकडे तोंड करून म्हटलं, "लेमलेम... जेवतेस ना गं?"

आणि मग थांबता येईना. शेजारच्या गायीला पाडा झाला, लेमलेमच्या शाळेची भिंत पावसाने पडली, जे सुचेल ते बोलत गेले. तोयबा माझा दंड धरून होती. तिची नखं रुतत होती. शेवटी जे सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं. "तुझ्या नेतेलाच्या काठात, लाल किनारीकडच्या बाजूला... दोनशे आहेत. उसवून बघ, बाळा."

तेवढ्यात तव्यावरच्या बिया जळल्याचा वास एकदम नाकात शिरला. गाढव ओरडलं. तोयबा उठली, फळीपाशी गेली आणि फोनला एक बोट लावून चटकन मागे घेतलं.

"गरम आहे," ती म्हणाली.

महिन्याअखेरीस बिल आलं. येकातित एकवीस, सकाळी तीन वाजता, सव्वीस मिनिटं. मी पैसे भरले.

मियाझिया महिना संपता संपता लेमलेम आली. संध्याकाळी दारात उभी, हाडांवर कातडं, अंगावर तेच नेतेला, काठ उसवलेला. त्या दोनशेत तिने मालकाच्या ड्रायव्हरला वळवलं होतं आणि वकिलातीच्या दारात पोचली होती. माझ्या लेकीला मी कसं धरलं ते सांगत नाही. मरियमला जरीची छत्री दुसऱ्याच दिवशी वाहिली.

आठवड्याने, ती जरा जेवू लागल्यावर, मी विचारलं की त्या दिवशी फोन कसा केलास.

तिने मान वर केली. "मी कुठे केला? फोन तर पहिल्याच महिन्यात काढून घेऊन कपाटात टाकला मालकिणीने."

"मग काठातल्या पैशांचं कुणी सांगितलं?"

लेमलेम हातातल्या घासाशी चाळा करत बसली. मालकीण तिला जिथे कोंडायची त्या खोलीत कपडे धुवायचं यंत्र होतं. त्याच्यामागून एक मुलगी बोलायची. आपल्याकडची बोली, वोल्लोचीच. लेमलेमने तिला कधी पाहिलं नाही, यंत्र आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढीच जागा होती. आधी वाटलं, भिंतीपलीकडे कुणी असेल.

"ती म्हणायची, तुझ्या घरी गेले होते, कुणी नव्हतं, फक्त तसबीर आणि दिवा. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही. मला वाटायचं, तिचं डोकं फिरलंय. मग एकदा म्हणाली, आज तुझी आई घरी होती, काठ उसवून बघ म्हणते." लेमलेमचा आवाज अगदी खाली गेला. "निघताना मी तिला म्हटलं, चल. ती काही बोलली नाही, एमाये. मी दार उघडंच ठेवलं..."

मी तिला पुढे विचारलं नाही. त्या मुलीच्या नावाने मेणबत्ती लावायची तर नाव माहीत नव्हतं. मग बिननावाची लावली.

पुढच्या महिन्यात, गिन्बोतच्या एकविसाला आम्ही मायलेकी दोघी देवळात गेलो. फोन फळीवर, दाराला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. परत आलो तेव्हा घरात धुण्याच्या औषधाचा वास होता. फोन गरम होता. लेमलेम उंबऱ्यावरच थबकली, पण घाबरल्यासारखी नाही. कुणी ओळखीचं माणूस आधीच येऊन बसलेलं दिसावं, तशी.

या महिन्याचं बिल काल आलं. वाचायला आता मी शिकले आहे. तारीख एकवीस, वेळ बिलातले नऊ, म्हणजे आपले तीन. एकेचाळीस मिनिटं. नंबर लेमलेमचा जुना, मालकिणीच्या कपाटात राहिलेला. मी पुन्हा चष्मा पुसला. पैसे फोन घेणाऱ्याकडून असं या वेळी लिहिलेलं नाही. हा फोन तिकडून आलेला नाही, आमच्या घरून तिकडे लागलेला आहे.

सोय बंद करून काही होणार नाही, असं शिफेराव म्हणाला, कारण हा साधा फोन आहे, कुणीही आपल्या घरून लावतो तसा. मी पैसे भरले. पुढच्या एकविसाला निघताना फळीखाली तिवई ठेवीन म्हणते, उभं राहून इतका वेळ बोलायचं म्हणजे त्या पोरीचे पाय दुखत असतील.

फक्त एक मनातून जात नाही. एकेचाळीस मिनिटं लागली, म्हणजे लेमलेमला कोंडत त्या खोलीत आता दुसरी कुणीतरी आहे, आणि तिने तो उचलला.